पिठलं, गुठळ्या आणि नॅनो पावडर

सुरुवातीलाच कबूल करते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी विषय होता, पण पास होण्यापुरता. त्यामुळे मासिकाच्या मराठी विभागासाठी टेक्निकल लेख दे असं संपादक मंडळातली मैत्रीण म्हणाली, तेव्हा मी आधी हसले. ती म्हणाली, "ऱ्हस्व-दीर्घ आम्ही बघतो, तू फक्त तुमच्या प्रोजेक्टचं काय झालं ते लिही." मग शब्दांसाठी आईला फोन करणं आलं. 'क्रुसिबल'ला मराठीत 'मूस' म्हणतात हे मला वयाच्या विसाव्या वर्षी कळलं. सांभाळून घ्या.

तर, तिसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही चौघांनी (तीन मुलं आणि मी) एक भारदस्त विषय घेतला होता. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइडची नॅनो पावडर मिसळून ते जास्त मजबूत करायचं. नेटवर या विषयावर ढिगाने पेपर आहेत आणि बहुतेकांत शेवटी मजबुती वाढलेलीच असते. आमची वाढली नाही. कशी वाढायला हवी होती आणि का वाढली नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी एवढा खटाटोप कशासाठी ते बघू. पोलादाची घनता ७.८५, ॲल्युमिनियमची २.७ आणि मॅग्नेशियमची १.७४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. म्हणजे तेवढ्याच आकाराचा पार्ट ॲल्युमिनियमचा केला तर वजन एक तृतीयांशावर येतं, मॅग्नेशियमचा केला तर पाव भागाच्याही खाली. गाडी असो, विमान असो की रॉकेट, हलकं म्हणजे इंधन कमी. पण शुद्ध ॲल्युमिनियम किती मऊ असतं हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. आपल्या जुन्या टोपांना पडलेले पोचे मोजून बघा!

धातू मऊ का असतो? खरं तर नसायला पाहिजे. अणूंमधल्या बंधांवरून हिशेब केला, तर धातू आहेत त्याच्या शेकडो पट मजबूत निघायला हवेत. हे कोडं १९३४ साली सुटलं. टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एकच उत्तर दिलं : डिस्लोकेशन. सोप्या भाषेत सांगते. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी हॉलमधली ती लांबलचक सतरंजी दोन फूट सरकवायची असते. अख्खी ओढायला गेलात तर दहा जण लागतात. पण एका टोकाला सुरकुती पाडून ती पायाने ढकलत दुसऱ्या टोकापर्यंत नेली, तर एकटा माणूससुद्धा सतरंजी हलवतो. धातूच्या स्फटिकात अशाच सुरकुत्या असतात. ताण दिला की सगळे अणू एकदम सरकत नाहीत, सुरकुती सरकते. म्हणून धातू वाकतो, पोचतो, लांबतो.

मग धातू मजबूत करायचा म्हणजे काय करायचं? सुरकुतीची वाट अडवायची. सगळा विषय एवढाच आहे!

हे काम माणसाने नकळत खूप आधी केलेलं आहे. १९०६ मध्ये आल्फ्रेड विल्म या जर्मन शास्त्रज्ञाने ॲल्युमिनियममध्ये तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घालून, तापवून ते एकदम गार केलं. लगेच मोजलं तर काही विशेष नाही. सुट्टीनंतर, दोन दिवसांनी, पुन्हा मोजलं तर तोच तुकडा चांगलाच कडक झालेला. यातूनच पुढे ड्युरॅल्युमिन आलं आणि झेपेलिनचे सांगाडे त्याचे झाले. पण असं का होतं ते १९३८ पर्यंत कुणी पाहिलेलं नव्हतं. त्या वर्षी गिनिए आणि प्रेस्टन यांनी क्ष-किरणांच्या मदतीने दाखवलं की तांब्याचे अणू आतल्या आत गोळा होऊन अतिशय बारीक, काही नॅनोमीटरचे पुंजके तयार होतात आणि तेच सुरकुत्यांना अडवतात. आणखी मजा म्हणजे राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाचं इंजिन. त्याच्या क्रँककेसचा धातू नव्वदीच्या दशकात तपासला, तर त्यातही हेच पुंजके सापडले. राइट बंधूंना पत्ताही नव्हता, पण ते नॅनो वापरून उडाले होते.

मग बाहेरून पावडर कशाला घालायची? कारण हे आतले पुंजके उष्णतेला टिकत नाहीत. दोनशे अंशांच्या आसपास बराच वेळ ठेवलं की छोटे पुंजके विरघळून मोठे होत जातात, संख्या घटते आणि धातू पुन्हा मऊ पडतो. इंजिनाजवळच्या पार्टला हे चालत नाही. सिलिकॉन कार्बाइड किंवा ॲल्युमिनाचा कण मात्र अशा तापमानाला जागचा हलत नाही.

आता मुख्य मुद्दा, जो मला स्वतःला फार उशिरा कळला. मला वाटायचं की सिलिकॉन कार्बाइड कडक असतं, म्हणून ते घातलं की ॲल्युमिनियम कडक होतं. जसं सिमेंटमध्ये खडी. मोठे कण वीस-वीस टक्के घातले तर हे काही अंशी खरंही आहे. १९९६ च्या लोटस एलिस गाडीच्या ब्रेक डिस्क अशा ॲल्युमिनियम-सिलिकॉन कार्बाइडच्या होत्या. पण नॅनो पावडर आपण एक-दोन टक्केच घालतो. तिथे कणाच्या कडकपणाला दुय्यम महत्त्व आहे. महत्त्व आहे ते दोन कणांमधल्या अंतराला.

समजा गर्दी मागे सारायला व्हॉलंटिअर हातात हात धरून, लांब रांग करून मैदानातून पुढे सरकत आहेत. वाटेत झाडं आहेत. झाडापाशी रांग अडते, पण दोन झाडांच्या मधला भाग पुढे फुगत जातो. पुरेसा फुगला की झाडाच्या पलीकडे दोन्ही बाजूंचे हात परत जुळतात, रांग पुढे निघून जाते आणि झाडाभोवती चार-पाच जणांचं कडं मागे राहतं. झाडं लांब लांब असतील तर हे सहज होतं. जवळ जवळ असतील तर रांगेला फुगायलाच जागा नसते. डिस्लोकेशनचं हुबेहूब असंच होतं. हेही ओरोवाननेच सांगितलं, १९४८ मध्ये. लागणारा ताण अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. अंतर निम्मं, ताण दुप्पट.

थोडा हिशेब करू. (आर्ट्सवाल्या मैत्रिणींनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. आमच्या ब्रँचच्या लोकांनी सोडू नये.) आकारमानाने एक टक्का कण अगदी सारखे पसरले, तर दोन कणांमधली मोकळी जागा कणाच्या व्यासाच्या ढोबळमानाने पावणेतीन पट येते. २० मायक्रॉनची साधी पावडर घेतली तर अंतर ५५ मायक्रॉन. ५० नॅनोमीटरची घेतली तर १३५ नॅनोमीटर. ॲल्युमिनियमचा कातर-गुणांक २६ गिगापास्कल आणि सुरकुतीची एक पायरी ०.२८६ नॅनोमीटर. दोन्हींचा गुणाकार करून अंतराने भागा. साध्या पावडरीने मिळतात ०.१४ मेगापास्कल, म्हणजे काहीच नाही. नॅनो पावडरीने ५५. ओढून मोजलं तर याच्या दोन-तीन पट. शुद्ध मऊ ॲल्युमिनियम वीस-तीस मेगापास्कललाच हार मानतं, त्यापुढे हा आकडा बघा. माल तोच, टक्का तोच, फक्त कण चारशे पट बारीक! एका साध्या कणाच्या जागी सहा कोटी चाळीस लाख कण बसतात, म्हणून.

हे गणित वहीत जमलं तेव्हा मी फार खूश होते. चौघांनी मेसच्या रिबेटचे पैसे घालून पंचवीस ग्रॅमची पुडी मागवली. एवढीशी पुडी बघून माझ्या रूममेटने "यात काय सोनं आहे का?" असं विचारलं होतं.

आता वर्कशॉपमध्ये चला. सर म्हणाले एलएम-२५ घ्या, त्यात सात टक्के सिलिकॉन असतं. त्यालाही कारण आहे. वितळलेलं शुद्ध ॲल्युमिनियम फार तापलं की सिलिकॉन कार्बाइडला खातं आणि ॲल्युमिनियम कार्बाइड बनवतं. ते ठिसूळ असतं आणि दमट हवेत त्याची पाण्याशी क्रिया होते. सिलिकॉन आधीच भरपूर असेल तर ही क्रिया दबते. एक किलो धातू ग्राफाइटच्या मुशीत ७५० अंशांना वितळवला. पावडर ओव्हनमध्ये तापवून तिचा दमटपणा घालवला. कण धातूने भिजावेत म्हणून एक टक्का मॅग्नेशियम घातलं. कारण वितळलेलं ॲल्युमिनियम या कणांना 'भिजवत'च नाही. अळूच्या पानावर पाणी थांबत नाही, तसं. मग ड्रिलच्या मोटरला पोलादी पंखा लावून धातू ढवळायला घेतला आणि भोवऱ्यात ॲल्युमिनियम फॉइलच्या छोट्या पुड्यांतून दहा ग्रॅम पावडर सोडली. आम्ही सगळे मास्क लावून उभे. ही पावडर इतकी बारीक असते की श्वासाबरोबर सरळ फुफ्फुसात जाते, तेव्हा कुणी हा प्रयोग करणार असेल तर मास्कचा आळस करू नका. वर्कशॉपचे मामा तोंडाला गमछा बांधून आले होते. त्यांनाही बळेबळे मास्क लावला.

पहिल्या दोन पुड्या गेल्या. तिसरीला मामा म्हणाले, "पोरी, तुझी पावडर वर तरंगतीय बघ."

खरंच, वर राखाडी साय धरली होती. मी स्पीड वाढवला. साय आत गेली. आम्हाला वाटलं मिसळली.

इथे आईचा फोन आठवतो. 'ॲग्लोमरेट'ला मराठीत काय म्हणतात असं विचारलं तर तिने म्हणजे काय ते समजावून घेतलं आणि म्हणाली, "अगं, गुठळ्या!" अर्थात! आपल्या मेसच्या बुधवारच्या पिठल्यात असतात त्या. वरून गोळी, फोडली की आत कोरडं पीठ. उकळत्या पाण्यात वरून पीठ पेरलं की प्रत्येक गोळीचं बाहेरचं कवच आधी भिजून शिजतं आणि आत पाणी जायचा रस्ताच बंद होतो. आमच्या मुशीत तेच झालं होतं.

आणि नॅनो पावडरीला गुठळ्या होणं जवळजवळ ठरलेलं असतं. कण बारीक झाले की पृष्ठभाग भयंकर वाढतो. ५० नॅनोमीटरच्या एक ग्रॅम सिलिकॉन कार्बाइडचा पृष्ठभाग भरतो साधारण ३७ चौरस मीटर. आपल्या हॉस्टेलच्या तीन खोल्यांची फरशी, एका ग्रॅममध्ये! एवढे पृष्ठभाग एकमेकांना टेकले की व्हॅन डर वाल्स बलाने चिकटतात आणि पंख्याने ढवळून सुटत नाहीत. कार्बन नॅनोट्यूबची कथा तर याहून वाईट. त्यांचा कडकपणा पोलादाच्या पाचपट, पण त्या लांब आणि बारीक, त्यामुळे न विंचरलेल्या केसांसारखा गुंता. तेल न लावता तो सोडवायला बसलेल्या मुलींना मी काय म्हणते ते कळेल.

गुठळी झाली की गणित उलटं फिरतं. कोट्यवधी कण एका जागी चिकटून २० मायक्रॉनचा गोळा झाला, की आपण परत ५५ मायक्रॉनच्या अंतरावर, ०.१४ मेगापास्कलवर. शिवाय गोळ्याच्या आत धातू शिरलेलाच नसतो. म्हणजे मजबुती वाढवायला घातलेली वस्तू भोक होऊन बसते.

आम्ही नमुने ओतले, कापले, ब्रिनेल मशीनवर घेतले. नुसत्या एलएम-२५ ची पाच रीडिंग : ६१, ६०, ६२, ६१, ६१. सरासरी ६१. पावडर घातलेल्याची पाच : ६८, ५२, ६४, ४९, ६६. सरासरी ५९.८.

आता खरं काय ते लिहिते. सबमिशन शनिवारी होतं, हा गुरुवार. ग्रुपमधला एक म्हणाला, "५२ आणि ४९ सरळ सरळ चुकलेत. काढून टाक." ते काढले की उरतात ६८, ६४, ६६. सरासरी ६६. आठ टक्के वाढ! कुठलाही आकडा खोटा लिहायचा नव्हता, फक्त दोन लिहायचे नव्हते. टेबल मी टाइप केलं. मी. दुसऱ्या कुणी नाही. निष्कर्षात 'कण सर्वत्र समान पसरल्यामुळे काठिण्यात ८ टक्के वाढ दिसून आली' असं वाक्यही टाकलं. ते तर एका पेपरमधून उचललेलं होतं. चार कॉप्या स्पायरल करून आणल्या.

शुक्रवारी रिपोर्टला फोटो हवेत म्हणून नमुना पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली धरला. आपला मायक्रोस्कोप साधा, प्रकाशाचा. त्यातून पाव मायक्रॉनपेक्षा बारीक काही वेगळं दिसूच शकत नाही. म्हणजे ५० नॅनोमीटरचे कण नीट पसरले असते तर मला काहीही दिसायला नको होतं, नेहमीचं सिलिकॉन सोडून. मला दिसले काळे ठिपके. भरपूर. जे दिसायलाच नको ते दिसत होतं. मग ४९ आलेल्या खड्ड्यातून नमुना कापला. हा खड्डा जेमतेम साडेतीन मिलीमीटरचा असतो. त्याच्या खाली काळ्या गोळ्यांची अख्खी रांग होती. ६८ वाल्या खड्ड्याखाली जवळजवळ स्वच्छ. ५२ आणि ४९ ही चुकलेली रीडिंग नव्हतीच. आमच्या धातूत काय झालंय ते सांगणारी तीच दोन होती.

मग घनताही पाण्यात वजन करून काढली. २.६८ यायला हवी होती, आली २.५५. म्हणजे जवळजवळ पाच टक्के पोकळी. याचं कारण पूर्वी शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीच्या व्हिजिटमध्ये एका वयस्कर मेल्टर काकांनी सांगितलं होतं, तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं. भोवरा केला की हवा आत जाते, म्हणून ते धातू सावकाश हलवतात आणि शेवटी डिगॅसिंगची गोळी टाकतात. आम्हाला पावडर आत न्यायला भोवरा हवा आणि भोवरा हवाही आत नेणार. पंख्याने ढवळण्याच्या पद्धतीचा मूळ पेच हाच आहे. मी साय दिसली म्हणून स्पीड वाढवला, तिथेच पोकळी वाढली असणार.

त्या रात्री मी टेबल बदललं. दहाच्या दहा रीडिंग टाकली, काळ्या ठिपक्यांचे फोटो टाकले, 'समान पसरल्यामुळे' हे वाक्य काढलं. सकाळी साडेसातला झेरॉक्सवाल्या काकांना उठवून पुन्हा चार कॉप्या. दोघांना पटलं. एक जण दोन दिवस बोलला नाही. व्हायवाला बाहेरच्या सरांनी टेबल बघून "म्हणजे फेल झालं म्हणा ना" असं म्हटलं आणि मार्क बेतानेच दिले. शेजारच्या ग्रुपला आमच्यापेक्षा सात जास्त आहेत. वाईट वाटलं, खोटं का बोलू?

मग जगात हे कुणालाच जमत नाही का? जमतं, पण पंख्याने नाही. अमेरिकेत शिओचुन ली यांच्या गटाने वितळलेल्या धातूत अल्ट्रासॉनिक दांडी बुडवण्याची पद्धत पुढे आणली. सेकंदाला साधारण वीस हजार कंपनं. त्याने धातूत सूक्ष्म बुडबुडे होतात आणि क्षणात फुटतात. फुटताना जो धक्का बसतो तो गुठळीला आतून उचकटतो. याच ली यांच्या लॉस एंजेलिसच्या गटाने २०१५ मध्ये मॅग्नेशियम-झिंकमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे नॅनो कण आकारमानाने चक्क १४ टक्क्यांपर्यंत नेले. तेही चलाखीने : आधी थोडे कण नीट पसरवून घेतले, मग निर्वातात मॅग्नेशियम आणि झिंक उकळवून उडवले. बासुंदी आटवतात तशी! दाब देऊन पिळल्यानंतर त्याची ताकद ७१० मेगापास्कल भरली. अर्थात ती मोजली काही मायक्रॉनच्या खांबांवर, गाडीच्या चाकावर नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

२०१९ मध्ये त्याच गटाचं आणखी एक काम आलं, आणि मला ते जास्त आवडतं. ७०७५ हे विमानातलं ॲल्युमिनियम वेल्ड करायला गेलं की तडकतं, म्हणून ते रिव्हेट करतात. त्यांनी वेल्डिंगच्या फिलरमध्येच टायटॅनियम कार्बाइडचे नॅनो कण घातले आणि वेल्ड न तडकता आला. इथे कणांनी सुरकुत्या अडवण्यापेक्षा गोठताना होणारे स्फटिक बारीक ठेवण्याचं काम मोठं केलं.

आपल्याकडे धातूत बुडवायची अल्ट्रासॉनिक दांडी नाही. पण केमिस्ट्री लॅबमध्ये काचेची भांडी धुवायचा अल्ट्रासॉनिक बाथ आहे. आणि आईने त्या फोनवर शब्द सांगून झाल्यावर सवयीने पुढचंही सांगितलं होतं : "पीठ कधी पेरू नकोस. आधी वाटीभर गार पाण्यात कालवून घे, मग उकळत्यात ओत." आमचं सरळ सरळ पेरून पिठलं झालं होतं. आता कालवून करायचं ठरवलंय. नॅनो पावडर आणि बारीक ॲल्युमिनियम पावडर ॲसिटोनमध्ये घालून बाथमध्ये सुटी करायची, हळू वाळवायची, प्रेसमध्ये दाबून गोळ्या करायच्या आणि त्या धातूच्या पोटात खाली बुडवायच्या, म्हणजे भोवऱ्याची गरज कमी. या पद्धतीवरही पेपर आहेत, आम्हाला आधी वाचायचे सुचले नव्हते एवढंच.

पहिल्या वेळची पंधरा ग्रॅम पावडर डेसिकेटरमध्ये शिल्लक आहे. केमिस्ट्रीच्या मॅडमनी बाथ द्यायला हो म्हटलंय, शनिवारी दुपारी, प्रॅक्टिकल संपल्यावर, आणि ॲसिटोन आहे म्हणून त्या स्वतः थांबणार आहेत. तो दोन दिवस न बोललेला मुलगा गोळ्यांची डाय लेथवर करतोय.